मृगाआधीचं तेल

माझ्याकडे एक वस्तरा आहे, त्याच्या पात्यावर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे. काळपट तपकिरी, जेमतेम वालाच्या दाण्याएवढा. उजेडात तिरका धरला की ठशातल्या रेघासुद्धा मोजता येतात. तो ठसा माझा आहे, मी आठ वर्षांचा असतानाचा.

माझे आजोबा, आबा, गावकी करून, म्हणजे गावात घरोघरी हजामती करून आले होते. हजामतीच्या सामानाची धोकटी ओट्यावर ठेवून पाय धुवायला मागीलदारी गेले तेवढ्यात मी वस्तरा काढला, उघडला आणि पात्याच्या गुळगुळीत अंगावर उजव्या हाताचं बोट टेकवून पाहिलं. धारेला हात लावायचा नाही हे पक्कं माहीत होतं, आणि धारेला मी लावलाही नाही. मिटून परत ठेवून दिला. श्रावण होता. तिसऱ्या दिवशी आबांनी मला हाक मारली आणि काही न बोलता वस्तरा डोळ्यांपुढे धरला. पोलादावर माझं बोट लालसर उमटलं होतं.

मारतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बाळा, धार माणसाला कापते, पण माणसाचं बोट पात्याला खातं. दोघांनाही जपायचं."

मग राख आणि खोबरेलाचे दोन थेंब घेऊन त्यांनी डाग घासला. वरची लाली गेली, खालचा काळा ठसा राहिला. आणखी घासला असता तर गेलाही असता, पण आबा थांबले. "राहू दे. आता हा वाढायचा नाही," म्हणाले. चाळीस वर्षं झाली, खरंच वाढलेला नाही.

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. घरात तीन पिढ्या हजामतीच्या. आबांच्या वेळी वर्षाचं बलुतं भातात मिळायचं, बाबांनी चिपळूणला बाजारात दुकान टाकलं, आणि मी त्याच दुकानात उभा राहून शिकलो. त्यामुळे वस्तरा कसा ठेवावा हे मी आधी हातांनी शिकलो आणि त्यामागचं कारण पुष्कळ उशिरा वाचून समजलं. कारण कळलं तसतशी आबांची एकेक सवय उलगडत गेली, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

कोकणात जून ते सप्टेंबर हवा म्हणजे अर्धं पाणीच. कपडे वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पायताणांवर बुरशी धरते. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर पाण्याचा इतका पातळ थर बसतो की डोळ्यांना दिसत नाही, पण गंजाला तेवढा पुरतो. आमच्याकडे आषाढात ती ८५-९० टक्के असते. म्हणजे वस्तऱ्यावर पाणी सांडायचीही गरज नाही. नुसता उघडा ठेवला तरी तो भिजलेला असतो. त्यात घामाचं बोट लागलं की घामातलं मीठ त्या अदृश्य पाण्यात विरघळतं आणि गंजाचा वेग कितीतरी वाढतो. माझ्या ठशात रेघा उमटल्या त्या यामुळे. जिथे कातडीची रेघ टेकली तिथे मीठ बसलं, मधल्या खाचा कोरड्या राहिल्या.

स्वयंपाकघरातली सुरी वर्षानुवर्षं ओली पडून असते तरी तिला काही होत नाही, मग वस्तऱ्यालाच का, असं गिऱ्हाईकं विचारतात. सुरीच्या पोलादात क्रोमियम असतं. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं करून पाहत होता, आणि त्यातून न गंजणारं पोलाद हाती लागलं. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पोलादावर आपोआप एक पातळ कवच बसतं, खरवडलं तरी पुन्हा धरतं. जुन्या वस्तऱ्यात क्रोमियम नाही, त्यात कार्बन असतो, टक्काभराच्या आसपास. त्या कार्बनमुळे त्याला अशी कडक आणि बारीक धार येते की गालावरून फिरवताना नुसता आवाज ऐकू यावा. पण कवच नाही. जे आहे ते हवेला उघडं.

आणि गंज लागतो तो नेमका धारेवर महागात पडतो. चांगल्या पाजवलेल्या वस्तऱ्याची धार टोकाशी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड. पाठीवर गंजाचा ठिपका पडला तर डाग दिसतो, बाकी काही बिघडत नाही. तोच ठिपका धारेवर पडला तर तिथे पोलादच उरत नाही, सुईच्या टोकाएवढी खाच पडते, आणि ती गिऱ्हाइकाच्या हनुवटीला कळते. मग निसण्याच्या दगडावर घासून घासून धार त्या खाचेच्या मागे न्यावी लागते. दरवेळी पातं तेवढं अरुंद होतं. दुर्लक्षाने एका पावसाळ्यात जितकं पातं जातं, तितकं वर्षानुवर्षांच्या वापरातही जात नाही. मी दोन्ही पाहिलं आहे.

आबा मृग लागायच्या आधीच्या आठवड्यात सगळे वस्तरे काढून बसत. ओट्यावर गोणपाट, त्यावर जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर वापरातले चार वस्तरे ओळीने उघडे. आधी गरम पाण्याने धुवायचे, मग धोतराच्या चिंधीने पुसायचे, पुसताना हात नेहमी पाठीकडून धारेकडे. धारेवरून पाठीकडे हात गेला की चिंधी कापते, धारही दुखावते. मग चामोट्यावर, म्हणजे धार लावायच्या चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचे. पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवर पालटायचं. एक, दोन, तीन असं पुटपुटत वीसपर्यंत. त्यांचे ओठ हलताना मला अजून दिसतात. मला वाटायचं हे धारेसाठी. ते होतंच, पण चिंधीला न पुसता आलेला ओलावा धारेच्या अगदी टोकावरून चामडं ओढून घेतं, हे मला फार नंतर कळलं. म्हणूनच आबा दाढी करण्यापूर्वी चामोट्यावर ओढत आणि दाढी झाल्यावर, घरी आल्यावरही ओढत. दुसऱ्या वेळेला बरेच जण कंटाळा करतात.

ओढून झालं की वस्तरा लगेच मिटत नसत. दिवळीत दिव्याशेजारी उघडा ठेवत, आम्हा पोरांच्या हाताला येणार नाही इतक्या उंच. जेवणं आटोपली की मिटत. मुठीच्या दोन फाळ्यांमध्ये पातं ज्या खिळ्यावर फिरतं, तिथे पाणी साठतं आणि तिथे चिंधी पोचत नाही. वस्तरा पाण्याखाली धरून धुतला तर ते पाणी दिवसेंदिवस आत बसतं. मी आजवर जेवढे गंजलेले वस्तरे उघडले, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात या खिळ्याशी झालेली होती. वरून पातं आरशासारखं आणि खिळ्याजवळ मान कुरतडलेली.

तेल खोबरेल. इतकं कमी की पात्यावर तेल आहे असं वाटू नये, फक्त झळाळी यावी. आणि धोकटी टांगायची जागा एकच, चुलीमागच्या भिंतीवरची खुंटी. पावसाळ्यात बियाण्याची पुरचुंडी, सुक्या मिरच्या आणि आबांची धोकटी शेजारी शेजारी. आजी कुरकुरायची, स्वयंपाकघरात कसली हत्यारं ठेवता म्हणून. पण ऊब मिळाली की हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते, आणि आमच्या अख्ख्या घरात आषाढात कोरडी म्हणावी अशी तेवढीच एक भिंत होती. आबांना सापेक्ष आर्द्रता हा शब्द ठाऊक नव्हता. बियाणं कुठे टिकतं ते ठाऊक होतं.

तुरटीबद्दल मात्र आम्ही घरात एक चूक वर्षानुवर्षं करत आलो. दाढी झाल्यावर तुरटी फिरवायची आणि त्याच ओल्या बोटांनी वस्तरा उचलून पुसायचा. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं आणि पोलादाला ते मानवत नाही. बाबांच्या वस्तऱ्यांच्या मानेवर, जिथे अंगठा टेकतो तिथे, सगळीकडे एकसारखा करडा डाग आहे. आता मी आधी वस्तरा आवरतो आणि मग तुरटीला हात लावतो. क्रम बदलला एवढंच, पण त्यानंतर नवा डाग पडलेला नाही.

आबांचा एक वस्तरा इतरांपेक्षा वेगळा होता. तरुणपणी काही वर्षं ते मुंबईत गिरणगावात काम करत होते, तिथून आणलेला, जर्मनीतल्या सोलिंगेनचा. आबा "सोलिंजन" म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली येई. वुपर नदीकाठचं हे गाव शतकानुशतकं पात्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि १९३८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, त्या परिसराबाहेर केलेल्या पात्यावर कोणी ते नाव कोरायचं नाही. त्या वस्तऱ्याचं पातं दोन्ही अंगांनी इतकं पोकळ घासलेलं की नखाने टिचकी मारली तर बारीक झणकारे. मूठ कासवाच्या पाठीसारखी, पिवळी-तपकिरी, उजेडात अर्धपारदर्शक. आबांनी तो कधीच गावकीत नेला नाही. मखमलीचं अस्तर असलेल्या डबीत, डबी फडक्यात, फडकं ट्रंकेत. वर्षातून एकदा खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तो बाहेर येई, हळद-कुंकू लागे आणि परत आत जाई.

डबी उघडली की कापराचा वास यायचा. आजी म्हणायची, आबांनी कसर लागू नये म्हणून कापूर घातला असणार. आम्हालाही ते पटायचं, आपण शालूंच्या घडीत, देवाच्या वस्त्रांत कापूर घालतोच.

आबा गेले त्या वर्षी खंडेनवमीला ती डबी मी उघडली. ट्रंकेतले रोजच्या वापरातले चार वस्तरे नुसते चिंधीत गुंडाळलेले होते, त्यांच्यावर किरकोळ ठिपके. आणि सोलिंगेनचं पातं मुठीत जिथवर मिटतं तिथवर करवतीसारखं झालेलं, लाल-काळं. मूठ बारीक बारीक चिरा पडून धुरकट झाली होती. मखमलीवर हिरवट डाग. बाबा खाली बसले आणि खूप वेळ ती डबी मांडीवर घेऊन होते. पावसाने नेला, म्हणाले.

पावसाने नेला नव्हता. ती मूठ सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड करताना त्यात कापूरच घालतात, वास त्याचा होता. वर्षं सरली की कापूर उडत जातो, मूठ तडकते, आणि आतल्या नायट्रेटमधून आम्लाची वाफ सुटायला लागते. ओलाव्याशी मिळून तिचं नायट्रिक आम्ल होतं आणि ते समोर असेल ते पोलाद खातं. मुठीत मिटलेलं पातं सर्वात जवळ. उघड्यावर असता तर वाफ निघून तरी गेली असती, पण डबी घट्ट होती, मखमल ओलावा धरत होती, वर फडकं, वर ट्रंक. ज्या ज्या गोष्टी आबांनी त्याला जपायला केल्या, त्या सगळ्यांनी मिळून त्याला आत कोंडलं. हे कळलं तेव्हा बाबांना सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आबांनी वापरला असता तर राहिला असता?" मूठ तरीही कधीतरी तडकलीच असती. पण रोज हाताळला असता तर तिचं बिघडणं दिसलं असतं, आणि मूठ बदलून पातं वाचवता आलं असतं. मी तसंच सांगितलं.

तुमच्याकडे आजोबांचा असा रंगीत, अर्धपारदर्शक मुठीचा वस्तरा असेल तर आज उघडून बघा. चिरा, चिकटपणा, झोंबणारा आंबूस वास, यांपैकी काही दिसलं तर तो बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. एकाची वाफ शेजारच्यालाही लागते. आणि त्याला विस्तवाजवळ नेऊ नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

वस्तरे मिटले गेले ते खरं तर नव्वदच्या दशकात. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसता बसता विचारू लागलं, नवीन ब्लेड आहे ना? ते योग्यच होतं, आणि मी आजही दुकानात गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी नवं अर्धं ब्लेडच वापरतो, त्यात तडजोड नाही. पण त्या बदलात एक पूर्ण विद्या फडक्यात गुंडाळली गेली. पाजवणं, ओढणं, पुसणं, तेल लावणं, हे सगळं ब्लेड फेकून देण्यावर आलं. आमच्या समाजाने याआधीही एकदा वस्तरा मिटला होता, तो स्वतः ठरवून. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. पोटावर पाय येणार हे दिसत असताना. मला त्या मिटलेल्या वस्तऱ्यांचा फार अभिमान वाटतो. आमच्या ट्रंकेतले वस्तरे मात्र तसे कोणी ठरवून मिटलेले नव्हते. ते नुसते राहून गेले.

पुढे बाबांनी ते चारही वस्तरे आबांच्या चामड्याच्या धोकटीत घालून, धोकटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुकानाच्या खालच्या खणात ठेवले. दोन चुका एकत्र. कमावलेलं चामडं ओलावा धरून ठेवतं, त्यात कमावताना वापरलेली द्रव्यं असतात, आणि प्लास्टिक त्या ओलाव्याला बाहेर जाऊ देत नाही. चामोट्याला चामडं हवं, ठेवायला नको.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आमच्या दुकानात ते पाटीच्या वर गेलं. २४ तारखेला शटर उचकटलं तेव्हा आत गुडघाभर चिखल होता, खुर्च्या आडव्या, आरसे खाली. खण फुगून बसला होता, पहारीने फोडावा लागला. पिशवीत पाणी भरलेलं, धोकटी लगदा झालेली.

वीज नव्हती, प्यायला पाणी टँकरचं. मी त्यातलं दोन तांबे वस्तऱ्यांवर घालवले आणि शेजाऱ्याच्या नजरेला नजर दिली नाही. शिंगाच्या मुठी पाणी पिऊन फुगल्या होत्या, त्यांचे पापुद्रे सुटत होते. खिळे फोडून पाती मोकळी केली, कारण मुठीत ठेवून ती वाळवणं शक्यच नव्हतं. समोरच्या शिंपीकाकांची मशीनही चिखलात होती, पण त्यांच्याकडे माळ्यावर तेलाची एक बाटली कोरडी राहिलेली. त्यांनी ती आख्खी मला दिली. "माझ्या मशीनला आता तेलाने काही होत नाही," म्हणाले. पाती ताटात ठेवून त्यावर मी मशीनचं तेल ओतलं आणि आठ दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं.

चारांपैकी तीन वाचली. गंज मऊ झाला होता, अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून हळूहळू काढला. लाल असतो तो जिवंत गंज, तो सगळा काढायचा, नाहीतर तेलाखालीही वाढत राहतो. काळा थर घट्ट असतो, तो राहिला तर चालतो, उलट खालच्या पोलादाला थोडं झाकतो. आबांनी "हा वाढायचा नाही" म्हटलं होतं ते हेच. ठशाचं पातं वाचलेल्या तिनांत आहे. ते साफ करताना स्टील वूल ठशाच्या कडेला आणलं आणि थांबलो.

आता मी ते असे ठेवतो. मुठी नव्या लाकडी करून घेतल्या आहेत. रोज रात्री दाढीनंतर पुसणं, चामोटं, आणि दुकानातला केस वाळवायचा ड्रायर खिळ्यावर अर्धा मिनिट, लांबून, हाताला सोसेल इतक्याच उबेने. फार तापवलं तर पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो. तेल मशीनचंच. खोबरेल वाईट नाही, पण थंडीत थिजतं आणि जुनं झालं की वास धरतं. करडईचं किंवा जवसाचं लावू नये, ते वाळून चिकट होतं. ठेवायला जस्ती डबा, आत सुती कापड, आणि सिलिका जेलचे निळे खडे. खडे ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करायचे, पण तो तवा नंतर भाकरीला घ्यायचा नाही, वेगळा ठेवायचा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. आणि तिन्ही पाळीपाळीने वापरायचे, माझ्याच दाढीला. एकही डब्यात महिनाभर पडून राहत नाही.

यंदा मृगाआधीच्या रविवारी मी गोणपाट टाकून बसलो. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत, हात कापतो, दुकानात येत नाहीत. ओट्यावर खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांची दाढी केली, ठशाच्या वस्तऱ्याने. गालाचं कातडं सैल झालंय, ताणून धरायला दोन बोटं जास्त लागतात. झाल्यावर त्यांनी गालावरून उलटा हात फिरवून बघितला, मग हात पुढे केला. वस्तरा मागत होते.

मी चामोट्याचं एक टोक खुंटीला अडकवलेलं होतं, दुसरं त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि मनगटाला खालून आधार दिला. पाठ पुढे, धार मागे. पालटताना बोटांना मुळीच कंप नव्हता. ओठ हलत होते. अकराला थांबले, आकडा विसरले असावेत. पाण्याच्या हंड्याकडे जरा वेळ बघत राहिले, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.